कुंपणच शेत खातं तेव्हा : गोचीड ताप आणि गाईच्या अंगची राखण



होळी झाली, ऊन तापू लागलं, की गोठ्यात गोचिड्यांचा सुळसुळाट सुरू होतो. तेव्हापासून पावसाळा सरेपर्यंत एक तक्रार गावोगाव ऐकू येते. "गाय चांगली धडधाकट होती. बाजारातून आणून तीन आठवडे झाले नाहीत, तोच एकाएकी ताप भरला. वैरण सोडली, दूध आटलं. आम्हाला वाटलं, ऊन लागलं असेल. म्हटलं, दोन दिवस वाट पाहू. पण आठवडा काही निघाला नाही." गाय संकरित, कर्ज काढून घेतलेली. हप्ते तसेच राहतात आणि दावण रिकामी होते.

अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो गोचीड तापाचा. डॉक्टर मंडळी त्याला थायलेरिओसिस म्हणतात. आता तुम्ही विचाराल, "किरकोळ ताप तर आपोआप उतरतो. जनावराच्या अंगातच ताकद असते. मग हाच ताप का उतरत नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कळलं, तर वाट का पाहायची नाही आणि गोठ्याच्या भिंतीकडे लक्ष का द्यायचं, हे वेगळं सांगावं लागणार नाही. म्हणून आधी अंगातली राखण कशी चालते ते पाहू, आणि मग हा चोर तिला कसा फसवतो ते पाहू.

अंगाची राखण

ज्वारी हुरड्यात आली, की आपण काय करतो? आधी कुंपण नीट करतो. मग माळा बांधून वर गोफण घेतलेला राखणदार बसवतो. जनावराच्या अंगातही असाच बंदोबस्त असतो, आणि तो जन्मापासूनच असतो.

कातडी हे पहिलं कुंपण. ती धड असेपर्यंत बहुतेक जंतू बाहेरच राहतात. नाकातला चिकट शेंबूड धूळ आणि जंतू पकडून ठेवतो. डोळ्यांतलं पाणी डोळे धुतं, आणि त्यात जंतू मारणारा अंशही असतो. वैरणीबरोबर पोटात गेलेले पुष्कळसे जंतू चौथ्या पोटातल्या आंबट रसात मरतात.

पण कुंपणाला भगदाड पडलं तर? बैलाच्या पायात काटा मोडला, असं समजा. काही तासांतच ती जागा गरम होते, सुजते, ठणकते. आपण म्हणतो, जखम चिडली. खरं तर तिथे राखणदार धावून आलेले असतात. रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून काट्याजवळ गोळा होतात. रक्तात विरघळलेले काही पदार्थही जंतूच्या अंगाला चिकटतात. त्यांपैकी काही जंतूच्या अंगाला भोकं पाडतात, तर काही पांढऱ्या पेशींना "हा बघा, इथे आहे" अशी खूण दाखवतात. जखमेतून जो पू येतो, त्यात लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि मेलेले जंतू असतात. आपल्या पायाला जखम झाली, की जांघेत गाठ धरते, अवधाण येतं. ती गाठ म्हणजे राखणदारांची चौकी. तिकडे गडबड उडाली, की चौकी फुगते. गाईच्या खांद्यापुढे आणि मागच्या मांडीपुढेही अशाच गाठी असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

हे राखणदार पहिल्यांदा कसे ओळखू आले, ती हकीकत मोठी मजेची आहे. १८८२ साली एली मेचनिकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ इटलीतल्या मेसिना या बंदरगावी काम करीत होते. समुद्रातल्या तारामाशाचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. त्याच्या अंगात त्यांनी गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात, तर काट्यांभोवती पिल्लाच्या अंगातल्या पेशींनी गराडा घातलेला! बाहेरून आलेल्या वस्तूला घेरून गिळून टाकणाऱ्या पेशी अंगात असतात, हे त्यांनी दाखवून दिलं. या कामासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

या गिळणाऱ्या पेशीचं काम कसं चालतं ते पाहा. ती जंतूला चहूबाजूंनी मिठी मारते आणि आत ओढते. आत गेलेला जंतू मोकळा नसतो. तो पातळ पडद्याच्या एका थैलीत बंद असतो. मग पेशी त्या थैलीत जिरवणारा रस ओतते आणि जंतू तिथेच जिरून जातो. ही थैलीही ध्यानात ठेवा. चोराची सगळी हुशारी याच थैलीशी आहे.

याशिवाय ताप हेही राखणीचं एक हत्यार आहे. अंग तापलं, की कित्येक जंतूंची वाढ मंदावते आणि राखणदारांचं काम चपळाईने होतं. म्हणून थोडा ताप हा काही दर वेळी वैरी नसतो.

ही झाली जन्मजात राखण. ती तासाभरात कामाला लागते, पण कोणता जंतू आला याची ती बारीक चौकशी करीत नाही. तिच्या मागे दुसरी फौज असते, तिला शिकलेली राखण म्हणू. ती शत्रूचा चेहरा ओळखून नेमका मार करते आणि पुढे वर्षानुवर्षं तो लक्षात ठेवते. पण पहिल्या भेटीत तिला तयार व्हायला आठवडाभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर किल्ला लढवायचा तो जन्मजात राखणीनेच. गोचीड तापाचा परोपजीवी नेमका इथेच घाव घालतो.

गोचीड काय करते

गोचीड ताप विषाणूमुळे येत नाही, की जिवाणूमुळेही येत नाही. तो येतो एका पेशीच्या अतिसूक्ष्म परोपजीवी प्राण्यामुळे. माणसाला हिवताप आणणारा जो जीव आहे, त्याचाच हा दूरचा भाऊबंद. त्याचं नाव थायलेरिया ॲन्युलाटा. तो एका जनावरातून दुसऱ्यात आपल्या पायांनी जात नाही. त्याला गाडी लागते, आणि ती गाडी म्हणजे हायलोमा जातीची गोचीड. हिच्या पायांवर फिक्या रंगाचे पट्टे दिसतात. हा ताप गोचीड ताप असला, तरी माणसाला तो होत नाही.

आजारातून उठलेल्या किंवा नुसत्या वाहक असलेल्या जनावराच्या रक्तात हे परोपजीवी थोड्या संख्येने राहतात. गोचिडीचं लहान पिल्लू त्या जनावराचं रक्त पितं, तेव्हा ते पिल्लाच्या पोटात जातात. मग पिल्लू अंगावरून गळून पडतं, भिंतीच्या फटीत शिरतं, कात टाकतं आणि मोठी गोचीड होऊन भुकेली बाहेर येतं. तोवर परोपजीवी तिच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसलेले असतात. आता ती ज्या गाईला चावेल, तिला लाळेबरोबर हा प्रसाद मिळणार.

इथे शेतकऱ्याच्या फायद्याची एक गोष्ट आहे. गोचीड चिकटली त्या क्षणी सहसा रोग जात नाही. तिने रक्त प्यायला सुरुवात केली, की लाळेतले परोपजीवी पक्व होतात, आणि त्याला साधारण दोन-तीन दिवस लागतात. कडक उन्हाळ्यात मात्र ते लवकरही तयार होतात. म्हणजे रोजच्या रोज अंग तपासून गोचिड्या काढल्या, तर पुष्कळदा चोर घरात शिरण्याआधीच आपण त्याची गाडी अडवतो.

गोचिडीची लाळसुद्धा साधी नसते. आपल्याला काटा टोचला तर लगेच कळतं, पण गोचीड आठवडाभर चिकटून राहिली तरी जनावराला फारसं कळत नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात आणि राखणदारांना सुस्त करणारेही असतात. कुत्र्याला भाकरी टाकून गप्प करावं, तसा हा प्रकार. कुंपणाला भोक पडलं आणि राखणदार पेंगलेला, अशा जागी परोपजीवी आत उतरतो.

राखणदाराच्याच खोपीत चोर

आता मुख्य गोष्ट. दुसरा कोणताही जंतू गिळणाऱ्या पेशीपासून दूर पळेल. हा मात्र सरळ तिच्याकडेच जातो. तिच्या अंगाला चिकटतो आणि तिच्याकडून स्वतःला आत ओढवून घेतो. पेशीला वाटतं, शिकार मिळाली. नेहमीप्रमाणे तो पडद्याच्या थैलीत सापडतो. पण जिरवणारा रस ओतला जाण्याआधी, काही मिनिटांतच, तो थैलीचा पडदा विरघळवून टाकतो आणि पेशीच्या पोटात मोकळा होतो. पोत्यात कोंडलेल्या मांजराने पोतं फाडून घरभर हिंडावं, तशी गत होते. आता त्याला जिरवायला थैलीच नाही. बाहेरच्या राखणदारांना तो दिसत नाही, कारण तो त्यांच्याच एका भावाच्या पोटात बसला आहे.

एवढ्यावर तो थांबत नाही. तो पेशीच्या कारभारात हात घालतो. पांढऱ्या पेशीने किती वाढावं आणि केव्हा मरावं, याचे काही नियम असतात. हा तिला ते नियम मोडायला लावतो. पेशी मरायची थांबते आणि एकसारखी दुभंगू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आणि ती दुभंगते तेव्हा हा परोपजीवी तिच्या आतल्या दोऱ्यांना धरून राहतो, म्हणजे पेशीबरोबर त्याचीही वाटणी होते आणि दोन्ही लेकी-पेशींत तो असतोच. त्याला नवी पेशी शोधत फिरावंच लागत नाही. पांढऱ्या पेशींचा जणू कर्करोगच! फरक इतकाच, की योग्य औषधाने आतला परोपजीवी मेला, की पेशीची ही बेफाम वाढही थांबते.

खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी का फुगते, ते आता कळलं ना? चौकीत चोर भरलेले राखणदार वाढत असतात. तिथून ते फुप्फुसात, चौथ्या पोटात, मूत्रपिंडात पसरतात. या बिघडलेल्या पेशी ताप आणि सूज आणणारी द्रव्यं सारखी सोडत राहतात. राखणीसाठी असलेला ताप आता गाईलाच जाळू लागतो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते याला.

काही दिवसांनी परोपजीवी दुसरं रूप घेतो आणि रक्ताच्या लाल पेशींत शिरतो. लाल पेशी बिचारी फक्त हवा वाहून नेणारी हमाल. तिच्यात लढण्याचं साधनच नाही, आणि "माझ्या आत चोर आहे" अशी खूणही ती बाहेर दाखवू शकत नाही. लाल पेशी नष्ट होत जातात आणि गाय पांढरी फटक पडते. त्याच वेळी एखादी गोचीड तिचं रक्त पिते आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

देशी गाय तगते, संकरित का झोपते?

हा अनुभव तुम्हा सर्वांना आहे. एकाच गोठ्यात खिल्लार किंवा देवणी उभी असते, तिच्याही अंगावर गोचिड्या असतात, पण आजारी पडते ती होल्स्टिनची संकरित.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथल्या शास्त्रज्ञांनी याचा तपास केला आणि २००५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी साहिवाल आणि होल्स्टिन जातीच्या वासरांना सारख्याच प्रमाणात हा परोपजीवी दिला. होल्स्टिन वासरं फार आजारी पडली, साहिवाल वासरांना त्रास कमी झाला. विशेष म्हणजे, सूज आणि ताप असताना रक्तात जी द्रव्यं वाढतात, ती होल्स्टिनमध्ये पुष्कळ जास्त वाढली होती. याचा अर्थ असा, की देशी जनावर तगतं ते केवळ जास्त लढतं म्हणून नव्हे. त्याची राखण बेताने लढते, आपल्याच घराला आग लावीत नाही. हजारो वर्षं या भागातल्या गोचिड्यांच्या संगतीत राहून आपल्या देशी वाणाने हा गुण कमावला आहे. थंड मुलखातून आलेल्या वाणाला तो मिळालेला नाही.

म्हणजे संकरित गाय ठेवूच नये की काय? तसं मुळीच नाही. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरळीकांचनला बाएफ संस्था सुरू केली. तिथून आणि सरकारी केंद्रांतून संकरित वाण खेड्यापाड्यांत पोचला आणि कित्येक घरांत दुधाचा पैसा आला. फक्त दूध जास्त तशी जबाबदारीही जास्त, हे मनाशी धरावं.

आणि आणखी एक सावधगिरी. तगलेलं देशी जनावर किंवा आजारातून बरी झालेली गाय वरून ठणठणीत दिसली, तरी तिच्या रक्तात परोपजीवी राहू शकतो. स्वच्छ गोठ्यातून आणलेली नवी संकरित गाय अशा गोठ्यात बांधली आणि मध्ये गोचिड्या असल्या, तर पंधरा-वीस दिवसांत ताप ठरलेलाच. बाजारातून आणलेली गाय तिसऱ्या आठवड्यात आजारी पडते, त्याचं हे एक कारण आहे.

दुसरा चोर, दुसरी युक्ती

राखण चुकवायची प्रत्येक परोपजीवीची रीत निराळी असते. सर्रा रोग तुम्ही ऐकला असेल. घोडा, उंट, म्हैस, गाय यांना तो होतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या इंग्रजी फौजेतल्या पशुवैद्यांनी, आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान इथे, आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात त्याचा वळवळणारा जीव पाहिला. मोठ्या चावऱ्या माश्या तो पसरवतात.

हा जीव पेशीत लपत नाही, उघड्या रक्तात पोहतो. पण त्याच्या अंगावर एक झूल असते. शिकलेली फौज ती झूल ओळखून मारायला येते, तोवर त्याच्यातले काही झूल बदलून मोकळे होतात. फौजेला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. आपल्या गावात बहुरूपी येतो, आज फौजदार, उद्या साधू, तसंच हे. म्हणून सर्ऱ्यात ताप येतो, उतरतो आणि पुन्हा येतो. "ताप उतरला, गाय बरी झाली" असं समजून स्वस्थ बसू नये, हा त्यातला धडा.

लक्षणं ओळखा

गोचीड तापाची लक्षणं गोचीड चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत दिसतात.

ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. निरोगी गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२ असतं. भर दुपारी संकरित गाईचं अंग थोडं जास्त तापतं, म्हणून तापमान सकाळी घ्यावं.

खांद्यापुढची किंवा मांडीपुढची गाठ सुजते. हात फिरवला, की सहज लागते.

गाय वैरण सोडते, रवंथ मंदावतं, दूध झपाट्याने उतरतं.

डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येतं, धाप लागते, कधी खोकला येतो.

पुढे पुढे डोळ्यांच्या आतली कातडी पांढरी किंवा पिवळसर पडते, तिच्यावर बारीक लाल ठिपके दिसतात. शेण पातळ होतं, कधी त्यात रक्तही दिसतं.

उन्हाळ्याच्या दिवसांत "ऊन लागलं" म्हणून हा ताप अंगावर काढला जातो. ऊन लागलेल्या गाईला सावली आणि पाणी मिळालं, तर ती काही तासांत सावरते आणि तिच्या खांद्यापुढे गाठ येत नाही. ताप आणि गाठ ही जोडी दिसली, की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. डॉक्टर सुजलेल्या गाठीतून सुईने थोडा द्रव घेतात, कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतात, काचेवर पसरून रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गाठीतल्या पेशींत निळसर ठिपक्यांचे पुंजके दिसले, तर निदान पक्कं झालं.

उपचार : दिवस मोजू नका, तास मोजा

या रोगावर ब्युपारव्हाक्वोन हे चांगलं औषध आहे. ते पेशीच्या आत शिरून परोपजीवीला मारतं. पण ते लवकर दिलं पाहिजे. पहिल्या एक-दोन दिवसांत दिलं, तर बहुतेक गाई उठतात. लाल पेशी फार नष्ट झाल्या आणि फुप्फुसात पाणी साचलं, मग परोपजीवी मेला तरी गाय वाचेल याची खात्री देता येत नाही. रक्त फारच कमी झालं असेल, तर डॉक्टर निरोगी जनावराचं रक्तही चढवतात.

मात्रा गाईच्या वजनावर ठरते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. पैसे वाचवायला अर्धी मात्रा देणं फार महागात पडतं. गाय धड बरी होत नाही, आणि औषधाला न जुमानणारे परोपजीवी तेवढे मागे उरतात. ट्युनिशिया आणि इराण या देशांत असे परोपजीवी आढळले आहेत. ती पाळी आपल्यावर येऊ द्यायची नाही. तसंच, नुसतं ताप उतरवणारं इंजेक्शन देऊन समाधान मानू नका. ताप उतरलेला दिसतो, पण आतला चोर आतच राहतो. उपचार चालू असताना दूध किती दिवस विकायचं नाही, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

लस : चोरालाच राखणीला लावणं

संकरित जनावरांसाठी गोचीड तापाची लस भारतात तयार होते. ती कशी करतात, हे ऐकण्यासारखं आहे. हा परोपजीवी पेशीला न थांबता वाढायला लावतो, हे आपण पाहिलं. शास्त्रज्ञांनी त्याचाच फायदा घेतला. अशा पेशी बाटलीत वाढवायच्या, थोड्या दुसऱ्या बाटलीत घालायच्या, पुन्हा वाढवायच्या. असं कितीतरी वेळा केलं, की आतला परोपजीवी दुबळा होतो. तो रोग आणत नाही, पण शिकलेल्या फौजेला आपला चेहरा दाखवतो. पुढे खरा चोर आला, की फौज तयार असते.

ही लस जिवंत असते. ती उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि बाहेर काढल्यावर लवकर टोचावी लागते. म्हणून गावातल्या पाच-दहा जणांनी मिळून दवाखान्यात आधी नोंद करावी, म्हणजे कुपी वाया जात नाही. टोचल्यापासून संरक्षण तयार व्हायला काही आठवडे जातात, तेव्हा गोचिड्यांचा हंगाम सुरू होण्याआधीच लस घ्यावी. वासराला किती वयापासून टोचायची, गाभण गाईला टोचायची की नाही आणि पुन्हा केव्हा टोचायची, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा.

गोचिड्यांचा बंदोबस्त

लस घेतली, तरी गोचिड्या ठेवायच्या नाहीत. औषध नुसतं गाईच्या अंगावर मारून भागत नाही, कारण ही गोचीड आयुष्याचा मोठा भाग गोठ्याच्या फटींत काढते. एक मादी हजारो अंडी घालते, तीही भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांध्यांत.

भिंतीच्या आणि जमिनीच्या भेगा सिमेंटने किंवा मातीने बुजवा. वरून चुना द्या. जुना कडबा, चिपाडं, दगडांचे ढीग गोठ्याला लागून ठेवू नका.

रोज दूध काढायच्या आधी कानाच्या आत, मानेखाली, कासेभोवती, मांडीच्या सांध्यात आणि शेपटीखाली हात फिरवून पाहा.

गोचीड उघड्या बोटांनी ओढू नका आणि नखावर चिरडू तर मुळीच नका. याच हायलोमा गोचिडीमुळे माणसाला क्रायमियन-काँगो हा रक्तस्रावाचा भयंकर ताप येऊ शकतो. २०११ साली शेजारच्या गुजरातेत त्याचे रुग्ण आढळले. हातात रबरी मोजे घाला, चिमट्याने गोचीड कातडीजवळ धरून सावकाश ओढा आणि झाकणाच्या डब्यात रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये टाका. लहान मुलांना हे काम सांगू नका.

डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमित्राज अशी गोचीडनाशक औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने, सांगितलेल्या प्रमाणात वापरा. फवारताना वैरण आणि पाणी झाका, जनावराला अंग चाटू देऊ नका, आणि कास धुतल्याशिवाय दूध काढू नका. अंगावर आणि गोठ्यात एकाच दिवशी फवारणी करा. फटीतली पिल्लं पुढे बाहेर येतात, म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने ती पुन्हा करा. पिकावर मारायचं औषध जनावराच्या अंगाला कधीही लावू नका. कुणाकडे जुनी बी. एच. सी. भुकटी पडून असेल, तर ती वापरू नका. १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे.

नवी गाय आणली, की तिला तीन आठवडे वेगळी बांधा. आधी तिच्या अंगावरच्या गोचिड्या काढा आणि रोज सकाळी तापमान घ्या. थर्मामीटरला फार पैसे पडत नाहीत. तो घरात असावाच.

थोडक्यात

ताप आणि खांद्यापुढे गाठ दिसली, तर गोचीड तापाचा संशय घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

ऊन लागलं म्हणून वाट पाहू नका. हा परोपजीवी राखणदार पेशीतच राहतो. म्हणून संकरित गाईला आपल्या ताकदीवर यातून उठणं कठीण जातं.

औषधाची मात्रा पुरी द्या.

हंगामाआधी लस टोचून घ्या.

गोचीड हाताने चिरडू नका, आणि गोठ्याच्या भेगा बुजवायला विसरू नका.

बंधूंनो, शेताची राखण आपण रात्ररात्र जागून करतो. गाईच्या अंगातली राखण तिची तीच करते, आणि पुष्कळ रोगांत ती पुरी पडते. या एका रोगात मात्र ती फसते. तिथे डोळे उघडे ठेवायचं काम आपलं. आज संध्याकाळी धारेला बसाल, तेव्हा गाईच्या खांद्यापुढे एकदा हात फिरवा, आणि उजेड असेपर्यंत गोठ्याच्या भिंतीतल्या फटीही पाहून घ्या.